मी वाढवलेली टोळी

माझी जनावरं मला न विचारता नेली आणि मारून टाकली, याला आता बरेच दिवस झाले. पण भांडी घासताना ते आठवलं की अजूनही कढई जरा जोरातच आपटली जाते. लोक म्हणतात, मोबाईलमधले डायनासोर, त्यांचं काय एवढं? म्हणोत. ज्यांनी ते वाढवले नाहीत त्यांचं म्हणायला काय जातं.

आम्ही बल्लारपूरला राहतो. नवरा कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली काम करतो. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. हा खेळ नवऱ्यानेच घरात आणला. खेळणारे आम्ही पाच जण: तो, त्याचा धाकटा भाऊ, खाणीतले दोन मित्र आणि मी. एका बेटावर अंगावरच्या चिंध्यांनिशी उतरायचं, लाकडं तोडायची, घर बांधायचं आणि कोणाच्या तोंडी न जाता जगायचं, असा तो खेळ. पहिल्याच दिवशी ठरून गेलं की चौघं शिकारीला जातील आणि वैनी बेसवर राहतील. बेस म्हणजे घर. दुकानातून यायचं, भात टाकायचा, मुलीला भरवायचं, आणि मग जरा जिवाला विरंगुळा म्हणून मोबाईल उघडायचा, तर तिथेही चूल पेटवून मांस भाजायचं. कोणाला यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण खेळायची हौस होती म्हणून गिळलं.

मग अंडी मिळाली. माणसाएवढा उंच, दोन पायांवर पळणारा, पायाला वाकडी नखी असलेला एक डायनासोर या खेळात आहे. खोगीर घातलं की त्याच्यावर बसता येतं. एकटा असला की त्याला कोणीही लोळवतं. पण एकाच जातीचे चार-पाच जवळजवळ असले की सगळ्यांचाच चावा जड होतो. आमच्याकडचे रानकुत्रे चितळाला घेरतात, तसंच. यात सगळी मेख 'जवळजवळ' या शब्दात आहे. पांगले की संपले.

ही अंडी शेकोटीच्या उबेवर ठेवावी लागतात. जास्त ऊब झाली तर नासतात, कमी झाली तरी नासतात. पिल्लू बाहेर आलं की हाताने मांस भरवायचं. मधूनमधून ते मागणी करतं: मला कुरवाळ, मला फिरवून आण. ही मागणी एकाच माणसाने पुरवत राहायची. तसं वाढलेलं जनावर त्या माणसाचं होतं. तो पाठीवर असला की दुप्पट जोराने लढतं, दुसरा बसला की साधंच राहतं. खेळ बनवणारा कोण कुठला असेल ते मला ठाऊक नाही, पण एवढी एक गोष्ट त्याला कळलेली होती.

मी सहा वाढवले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली मोबाईल धरून भरवायचे. मालक एकदा म्हणाला, "बाई, पोरीले बरं नाई का? सारखं फोन पाहून राह्यल्या." मी म्हटलं, "हो, थोडं खाण्याचं आहे." खोटं नव्हतं तसं.

ते जवान झाले आणि रविवार आला. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी, मोबाईल पिशवीत. दुपारी पिशवी उघडली तर ग्रुपवर दिराचा निरोप: "वैनी, चार गेले. अंडी ठेवा अजून."

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "कोनं नेले?"

"आमीच नेले ना. दलदलीतला मोठा माराले."

"मले काऊन नाई विचारलं?"

"तुले काय विचाराचं? तू कामावर होती."

घरी येऊन काय झालं ते खोदून खोदून काढलं. दलदलीच्या काठी एक प्रचंड मांसाहारी डायनासोर फिरतो, त्याला मारायचं या चौघांचं स्वप्न. चौघं माझ्या चार जनावरांवर बसले आणि बेसच्या फाटकातून निघता निघताच पांगले. पहिला घाव आपलाच पडला पाहिजे म्हणून एक डावीकडून सुटला, एक उजवीकडून, एक पाण्यात घुसला, आणि नवरा थेट त्याच्या जबड्यासमोर. पांगल्यामुळे टोळीचा जोर गेला, आणि पाठीवर मी नव्हते म्हणून माझ्या हाताचाही जोर नव्हता. एकेक करून चारही गेले. यावर त्यांचं म्हणणं काय, तर नेटवर्क नव्हतं. नाचता येईना, अंगण वाकडं.

मला खरा संताप आला तो याचा की ही माणसं खाणीत काम करतात. खाली सरदाराने, म्हणजे पाळीच्या मुकादमाने, थांब म्हटलं की यांचा उचललेला पाय हवेत राहतो. छताला टेकू लागल्याशिवाय कोणी एक पाऊल पुढे टाकत नाही, आणि टाकलंच तर बाकीचे कॉलर धरून मागे ओढतात. म्हणजे मिळून कसं चालायचं ते यांना येतं. पण ज्या टोळीची सरदारी बाईकडे जाऊ शकते, तिथे मात्र प्रत्येकजण राजा.

मी पुन्हा अंडी ठेवली. दोन उरले होते, त्यात तीन वाढवले, आणि मोठे झाल्यावर सगळ्यांना घरी चहाला बोलावून सांगितलं की आता शिकारीला मीही येणार आणि सगळ्यांच्या पुढे मी राहणार.

दीर हसला. "वैनी, तुमी बेसवरच बऱ्या. पिल्लायले कोन पाहीन?"

"पिल्लं मोठे झाले."

एक मित्र म्हणाला, "म्हंजे तुमी समोर अन् आमी मांगं-मांगं फिराचं का?"

"मांगं नाई भाऊ, बाजूनं चालाचं. मी शिट्टी मारली की चावाचं, दुसरी मारली की मांगं पळाचं. बस एवढंच."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा बशीत पाहत होता. मग तो म्हणाला, "हे पोरायसमोर बरं दिसत नाई." ही पोरं म्हणजे त्याचा बावीस वर्षांचा भाऊ आणि दोन लग्न झालेले बाप्ये. माझं जनावर, माझी मेहनत, आणि बरं दिसायचं यांना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मी कप उचलले आणि सांगितलं की मग माझी मी जाते.

एकटीने जाता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण सूचना वाचायची त्यांना गरज वाटली नव्हती. आपण टोळीच्या पुढे चालणाऱ्या जनावरावर बसायचं आणि बाकीच्या जनावरांना शिट्टीने मागे घ्यायचं; स्वार नसले तरी टोळी ती टोळीच. जाण्याआधी सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. दलदलीपाशी पोचल्यावर थांबले, कारण धावून दम संपला असेल तर पळता येत नाही. पाण्यापासून लांब, सपाट कोरडी जागा पाहिली. मग बाकीच्या चारही जनावरांना त्या मोठ्यावर सोडलं आणि मी स्वतः त्याच्या तोंडासमोर गेले.

समोर जायचं ते लढायला नाही. त्याने आपल्याकडे पाहत राहावं म्हणून. तो पुढे आला की आपण मागे सरकायचं, इतकंच की त्याला वाटावं आता सापडली. तेवढ्या वेळात बाकीचे त्याच्या मांड्या फाडतात. माझी आई आरमोरीकडे धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, बायकांच्या पुढे असायची. रोवणीत सगळ्या वाकून मागे मागे सरकतात, आणि पुढारीण आपल्या मापाने सगळ्यांना सरकवते. एखादी घाईने सुटली की तिला शिव्या. मी तशीच सरकत गेले. तो त्यांच्याकडे वळला की दुसरी शिट्टी, सगळे माझ्यामागे बाहेर. दम भरला की पुन्हा आत. पाच-सहा वेळा असं केलं तेव्हा तो पडला. माझा एकही गेला नाही. मला फार, फार आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

नवरा आणि बाकीचे तिघं खेळातल्याच एका टेकडीवरून पाहत होते. ग्रुपवर दिराचा निरोप आला: "वैनी, लक लागला."

त्यानंतर नवऱ्याने गुपचूप एक अंडं घेतलं.  पिल्लू निघालं आणि मी या माणसाला नव्याने पाहिलं. पिल्लाच्या मागणीच्या वेळेचा गजर मोबाईलवर लावलेला. जेवता जेवता ताटावरून उठायचा. पाहुणे आले तरी, "एक मिनिट, त्याले भरवून येतो." शिफ्टला जाताना मला बजावून जायचा, हात लावू नको, नाही तर ते माझं होणार नाही. आमची मुलगी तान्ही असताना हाच माणूस, तिने टाहो फोडून घर डोक्यावर घेतलं तरी, कामावर जायचंय म्हणून उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा. गजर लावता येत होता तर मग त्याला. मला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

परवा सुट्टीच्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तो पुढच्या खोलीत पिल्लाला कुरवाळत बसलेला, मुलगी त्याच्या शेजारी. ती उठली, त्याच्या पायावरून पाय टाकून, स्वयंपाकघर ओलांडून, बाहेर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आई, पानी दे."

त्याने आतून ऐकलं. जरा लागलं असावं, कारण तो मोबाईल तसाच हातात घेऊन दारात आला. "मले सांगाचं ना, बेटा. मी इथीच तं होतो."

चार वर्षांची आहे ती. तिने त्याच्याकडे पाहिलं, तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

"तुले कुठी माईत हाये, माहा गिलास कोनता तं," ती म्हणाली.

 त्याच्या हातातल्या मोबाईलवर पिल्लाचा गजर वाजायला लागला. मी ओल्या हाताने गिलास भरून दिला.