पेटीतल्या रिकाम्या जागा

घाव मोजत असताना बोअरवाले चाचा कोणाशीही बोलत नसत. लोखंडी वजन ठरलेल्या उंचीवरून पाइपवर पडायचं, आणि पाइप जमिनीत ठरावीक खोल जायला किती घाव लागतात ते चाचा मोठ्याने मोजायचे. जास्त घाव म्हणजे जमीन घट्ट, कमी म्हणजे सैल. माती तपासण्याच्या आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण एवढंच. एकदा एक पुढारी चार चेल्यांसह साइटवर आले आणि "काय चाचा, बरं हाय ना?" म्हणत त्यांनी खांद्यावर हात ठेवला. चाचांनी अठरा, एकोणीस, वीस असं पुरं मोजलं, वहीत लिहिलं आणि मग वळून म्हणाले, "हां, आता बोला." पुढारी तोवर गाडीत जाऊन बसले होते.

चाचा महाडचे. ऐन तरुणपणी आखातात गेले, तिथल्या उंच इमारतींसाठी वाळवंटात भोकं पाडली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर परत आले. मी पोलादपूरची, नुकतीच इंजिनिअर झालेली, महाडच्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरीला लागलेली. पहिल्याच दिवशी माझ्या हातातली फाइल बघून ते म्हणाले, "ती ठेव गो बाय तिकडं. जमीन फायलीत नाय, खाली हाय." मला राग आला. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा, कारण येत फार थोडं होतं.

'साहेब' हा शब्द ते शिवीसारखा वापरत. ज्याला काही कळत नाही त्याला ते अगदी आदराने साहेब म्हणत आणि तो माणूस खूश होई. आमच्या लॅबचे मालक त्यांचे सगळ्यात मोठे साहेब. मालकांनी भूकंपाच्या धोक्यावरचं एक प्रकरण कधीतरी कोणाकडून लिहवून घेतलं होतं, तेच ते प्रत्येक रिपोर्टला जोडत. मूळ प्रकरण किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावाचं, त्यामुळे आमच्या रिपोर्टांत घाटातल्या डोंगरालाही भरती-ओहोटी असायची. आजवर एकाही सरकारी कचेरीला ती खटकलेली नाही. मी ते चाचांना वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "सैल माती हलवायला भूकंप कशाला पायजे? आपला पावसाळा काय कमी हाय? दोघं एकदम आले तर साहेब काय करनार, होडी काढनार?"

मग पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरउतारावरच्या टाउनशिपचं काम आलं. मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी बंगले. ब्रोशरमध्ये धुकं होतं, धबधबा होता, गवतावर डोळे मिटून बसलेली एक बाई होती. उताराच्या पायथ्याशी एक वाडी होती, ती मात्र ब्रोशरमध्ये नव्हती. डोंगर कापून वर वजन ठेवलं तर ती जमीन पावसात आणि धक्क्यात टिकेल का, एवढंच आम्हाला सांगायचं होतं.

भोकातून निघणारे खडकाचे गोल तुकडे खोलीप्रमाणे ओळीने लाकडी पेटीत ठेवतात. जिथे जमीन इतकी सैल असते की हाती नुसता गढूळ पाण्याचा लोंढा येतो, तिथे पुष्कळ बोअरवाले शेजारचे तुकडे सरकवून पेटी भरल्यासारखी दाखवतात. चाचा ती जागा रिकामीच ठेवत. मी एकदा नीटनेटकेपणाच्या नादात एक तुकडा सरकवला, तर हातावर चापट बसली. "इथं काय आलं नाय, तर इथं काय नाय. माझी पेटी नटवू नको." शिवाय प्रत्येक तुकड्यावर ते रंगाने बाण काढत. तुकड्याची खालची बाजू कुठली ते कळावं म्हणून बाणाचं टोक खाली, पाताळाकडे.

या उतारावरच्या पेट्यांत दगड कमी आणि रिकामी जागाच जास्त होती. चाचांनी तिसऱ्या भोकाची पेटी बघितली आणि पाय पसरून खाली बसले. "ही जुनी दरड हाय गो. कवातरी वरनं आली, हितं येऊन बसली. आता तिच्या डोक्यावर बंगले बांधतायत, नि वाडी हाय तिच्या पायाशी."

प्रोजेक्टचे मॅनेजर नव्या हेल्मेटमध्ये आले. हेल्मेटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पेट्या बघून म्हणाले, "बॉक्स असे रिकामे चांगले दिसत नाहीत. बँकवाले फोटो मागतात." दोन दिवसांनी आम्ही गेलो तर पेट्या काठोकाठ भरलेल्या. वरच्या सपाटीवरच्या भोकातला काळाभोर, टणक दगड आणून या कलाकारांनी जागा बुजवल्या होत्या. फक्त त्यातले निम्मे बाण आभाळाकडे बघत होते. चाचा हसून हसून बेजार झाले. "डोंगर उलटा केलान रे साहेबांनी!" मीही हसले.

हसून झाल्यावर मी रिपोर्टवर सही केली. मालक म्हणाले, "अगं, आपण फक्त शक्यता सांगायच्या. सही तुझी हवी, साइटवर तू होतीस." योग्य पाया घेतल्यास बांधकाम शक्य, असं एक गुळगुळीत वाक्य मी लिहिलं, भरती-ओहोटीचं प्रकरण जोडलं आणि भरलेल्या पेट्यांचे फोटो लावले. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, "माझ्या रिकाम्या जागा कुठल्या पानावर हायत?"

"नाहीत, चाचा."

त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि ते गेले. मला साहेबसुद्धा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. त्या कुरकुरत्या गुडघ्यांनी ते वाडीत घरोघर जाऊन सांगायला लागले, की वर खोदाई सुरू झाली तर पावसाळ्यात इथे राहू नका, कचेरीत अर्ज करा, अडवा. लोक चहा देत आणि म्हणत, "चाचा, रिपोर्टात सगळं चांगलं लिवलंय. मॅडम शिकलेली हाय. तुमी बोअर मारनार." कोणी त्यांना दुसऱ्या बिल्डरचा माणूस म्हटलं, कोणी म्हातारचळ. हे सगळं मला कळत होतं. माझ्या एका सहीने त्या माणसाचं आयुष्यभराचं कसब खोटं पाडलं होतं, आणि मी पगार घेत होते.

गेल्या थंडीत चाचा छातीच्या दुखण्याने चार दिवसांत गेले. मला ते बापाइतके आवडत. हे त्यांना सांगायची लायकी मी घालवून बसले होते.

त्यानंतर मी तहसील कचेरीत लेखी दिलं, की रिपोर्ट चुकीचा आहे, पेट्या मागून भरलेल्या आहेत, उतार जुन्या दरडीचा आहे आणि सही माझी आहे. नोकरी गेली, गेली ते बरंच झालं. खोदाई तूर्त थांबली आहे. अर्जाची प्रत घेऊन मी वाडीत गेले आणि देवळाच्या पारावर ती सगळ्यांना वाचून दाखवली. उताराला अगदी लागून पहिलं घर असलेली एक बाई शेवटपर्यंत उभी होती. तिने प्रत मागून घेतली, नीट घडी घातली आणि विचारलं, "चाचा दारोदार फिरत होते, लोक त्यांना येडा बोलत होते, तवा तू कुठं होतीस गो?"

मी महाडातच होते. ऑफिसात, पंख्याखाली, पुढच्या रिपोर्टला तेच भूकंपाचं प्रकरण जोडत.