गप बसलेलं यंत्र

"घरात दोन यंत्रं हायत बघ जनाबाई. एक गप बसत न्हाय, अन् एक बोलत न्हाय!"

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. सासूबाई ओसरीवर शेजारणीबरोबर तूर निवडत बसल्या होत्या आणि मी आत चुलीपुढं. गप न बसणारं यंत्र म्हणजे बाहेरच्या खोलीतला कारखान्याचा वायरलेस. आणि न बोलणारं? अहो, मीच की!

आता बसलाच आहात तर ऐका, त्या दोन यंत्रांनी मिळून गावावर काय प्रसंग आणला. म्हणजे लोखंडाचं यंत्र तसं निर्दोष. सगळा पराक्रम माझा. आणि तोही तोंडातून एक शब्द न काढता केलेला!

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ माझं. परंड्याहून मी बेंबळीच्या पुढच्या या गावात आले, तेव्हा कळलं की आपलं सासर म्हणजे निम्मं घर आणि निम्मं ऑफिस. आमचे 'हे' सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. बाहेरच्या खोलीत कारखान्याचं गट ऑफिस. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर चेअरमनसाहेबांचा फोटो आणि टेबलावर तो सेट. कुणाच्या उसाला तोड आली, तोडकऱ्यांची टोळी कुणाच्या रानात जाणार, ट्रक कधी येणार, हे सगळं कारखान्यावरून त्याच्यातून सांगायचे. ते सांगणं दिवसातून घटकाभर. बाकी सारा वेळ?

खर्रर्रर्र!

सकाळी खर्रर्र, जेवताना खर्रर्र. कुणीतरी कढईत वाळू तापवत ठेवलीय आणि शेंगा टाकायचं विसरलंय, असं वाटायचं.

एकदा मी यांना हळूच विचारलं, "तिकडून कुणी बोलत नसतं, तेव्हा हे काय बोलतं?"

यांना कोण आनंद! बायको बोलली! लगेच मास्तर झाले. "हे बघ, हवेतनं लाट येती. लाट म्हणजे आपली बैलगाडी. बोलणं म्हणजे ऊस. तिकडं साहेब गाडीत ऊस भरतो, गाडी इकडं आली की आपलं यंत्र तो उतरून घेतंय. अन् गाडी नसली, की मोकळ्या रस्त्यावरची नुसती धूळ आत येती. ती ही खरखर."

"मग धुळीला दार नाही का?"

"हाय की. पण आपलं गाव लांब, आवाज बारीक येतो. म्हणून मेकॅनिकनं दार जरा उघडंच ठिवलंय. त्याला हात लावायचा न्हाय म्हणलाय."

ते दार कुठल्या बटणाला आहे, ते यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एका दिवसात एवढं बोलणं माझ्या हिशेबानं पुष्कळ झालं होतं.

त्या साली पाऊस रुसला होता, हे काय वेगळं सांगायला नको. समोरच्या भगवानतात्यांच्या विहिरीनं तर तळ दाखवला होता. वर्षभर पोरासारखा वाढवलेला ऊस रानात उभा, आणि शेंड्याकडून रोज थोडा थोडा पिवळा पडत चाललेला. लवकर तोड आली तर साखर. नाही आली तर चुलीला चिपाडं! तात्या रोज सकाळी दारात येऊन उभे राहायचे.

"सूनबाई, आलं का आमचं नाव?"

मी मान हलवायची. नाही. तात्या म्हणायचे, "येतंय, येतंय. उद्या येतंय," आणि जायचे. त्यांचं ते 'उद्या' इतकं ठाम असायचं, की मलाही खरं वाटायचं.

तर सासूबाईंचं ते वाक्य कानावर पडलं आणि मला लागलं. बोलून काही सिद्ध करणं आपल्याला जमणार नाही, मग करून दाखवावं. काय करावं? सासूबाईंना दुपारी त्या खरखरीनं डोळा लागत नव्हता. आणि सेटकडं बघवत नव्हतं. खंडेनवमीला सासूबाईंनी विळा, कुऱ्हाड, पाभर यांच्याबरोबर त्याचीही पूजा केलेली. कुंकवाची बोटं, हळदीचे डाग, एका फटीत अक्षता, आणि वर दोन महिन्यांची धूळ.

सासूबाई जरा आडव्या झाल्या, हे रानात गेले. मी घासलेटचा बोळा घेतला आणि लागले कामाला. कुंकू निघालं, हळद निघाली. दुसऱ्या बटणाशी एक कुंकवाचा ठिपका मात्र भारी चिवट. मी आणखी घासलेट घेतलं आणि चांगला दाबून घासला. ठिपका निघाला. बटणही बोळ्याबरोबर गर्रकन फिरलं.

आणि खरखर थांबली!

कशी शांतता पसरली म्हणून सांगू? पिंपळावरचे पोपट ऐकू आले! आतून सासूबाई घोरल्याचं ऐकू आलं! मी सेट पुसून लख्ख केला आणि भांड्यांना लागले. जणू काही झालंच नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. "सुनंनं नुसता हात फिरिवला, अन् यंत्र गप! पायगुण म्हणावा तर असा."

हे आले. "दुरुस्त झालं वाटतं," म्हणून खूश झाले. कारखान्याच्या निरोपाची वाट बघत बसले. निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला नाही, संध्याकाळी आला नाही. यांनी माईक घेतला.

"हॅलो कारखाना, हॅलो कारखाना. निरोप द्या. ओव्हर."

शांतता.

"हॅलो कारखाना, ऐकू येतंय का? ओव्हर."

अगदी पोपट ऐकू येतील अशी शांतता!

तोवर आमचे सासरे, मामा, येऊन मागं उभे राहिले होते. मामांचा स्वभाव म्हणजे कडक उन्हातला फटाका. कारखान्याच्या निवडणुकीत ते पडलेल्या पॅनेलकडून होते. त्यांच्या मनात एकदम उजेड पडला.

"सूड हाय हा! आपल्या गावानं मतं दिली न्हाईत म्हणून तोंड शिवून बसलेत. आण तो माईक इकडं!"

"अण्णा, तसं नसंल..." हे वडलांना म्हणाले.

"सरक! अरे ए कारखानावाले! दातखीळ बसली का रे तुमची? का समदे मळीच्या टाकीत बुडालाव? आमचा ऊस काय दात कोराया लावलाय व्हय? बोला की!"

यांनी मागून बारीक आवाजात आठवण केली, "ओव्हर म्हणा."

"कशाला ओव्हर? माझं अजून संपलं न्हाय!"

मामांचं संपायला दोन दिवस लागले.

सासूबाईंचं म्हणणं निराळं होतं. "खंडेनवमीचं कुंकू पुसलं, तवापासून रुसलंय ते." आणि माझ्याकडं एक नजर. मी मनात हसले. मॅट्रिक झालेली मी! कुंकवानं कधी यंत्र चालतं का? त्यांनी सेटला पुन्हा कुंकू लावलं, पुढं नारळ फोडला. यंत्र ढिम्म.

बघता बघता गावभर झालं. कारखान्यानं गावाला वाळीत टाकलं! पारावर सभा भरली. मोर्चा न्यायचा ठरलं. दोन ट्रॉल्या धुऊन काढल्या, झेंड्याची काठी कुणी शोधायची यावरून भांडण झालं. भगवानतात्या मात्र मोर्च्याच्या सकाळी आले आणि काही न विचारता नुसते दारात उभे राहिले. 'उद्या' म्हणाले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मोर्चा निघायच्या आत कारखान्याची जीपच आली. शेतकी अधिकारी तरातरा आत शिरले. मागून निम्मा गाव.

"मामा, काय लावलंय हे? दोन दिवस सगळे गट तुमच्या शिव्या ऐकतायत! लोक कामं सोडून सेटला कान लावून बसतायत!"

"मग उत्तर का देत न्हाय?"

"देतोय की! तुमची एक शिवी संपली की आमचं एक उत्तर! तुम्ही ऐकतच नाही!"

"कुठाय उत्तर? काढून दाखवा!"

साहेबांनी सेटकडं पाहिलं. "बिघडलाय. घेऊन जातो. गट ऑफिस आता पलीकडच्या गावात हलवावं लागणार. मग तुमच्या तोडी जशा जमतील तशा." आणि त्यांनी पाठीमागची वायर सोडवायला हात घातला.

तात्या उंबऱ्यावर मटकन बसले.

मी आतल्या दाराशी, पदर कपाळापर्यंत. गप्प बसणाऱ्या माणसाला एक सवय असते, बघत राहायची. सेटवर एक छोटी काच आहे, तिच्यात तिकडून बोलणं आलं की हलणारा काटा. तो काटा उठत होता, थरथरत होता, पडत होता. पुन्हा उठत होता. अहो, गाड्या येत होत्या! एकामागून एक, भरलेल्या! रस्त्यावर रांग लागली होती, आणि दार कुणीतरी बाहेरून कडी घालून बंद केलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण? माझ्या नाकात एकदम घासलेटचा वास आला. तो चिवट ठिपका! बटण कुठं ठेवायचं, त्याची मेकॅनिकनं केलेली लाल रंगाची खूण होती ती! सासूबाई म्हणत होत्या तेच खरं निघालं, कुंकू पुसल्यावरच यंत्र रुसलं होतं. माझी मॅट्रिक गेली पाण्यात!

परक्या पुरुषांपुढं बाहेरच्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं. गर्दी आपोआप फाटली. मामा "अगं..." एवढंच म्हणाले. मी साहेबांच्या हाताखालून हात घातला आणि दुसरं बटण उलटं फिरवलं.

खर्रर्रर्र!

"अगं बया! आली की खरखर!" सासूबाई ओरडल्या. ज्या आवाजानं त्यांचं डोकं उठायचं, त्याला त्यांनी चक्क हात जोडले. आणि त्या खरखरीतून एक थकलेला, घसा बसलेला आवाज वर आला. "...ऐकताय का? भगवानतात्यांचा ऊस, टोळी तयार हाय, ट्रक उभाय. पाठवू का? अरे कुणीतरी बोला! ओव्हर."

तात्या उठून उभे राहिले. साहेब माझ्याकडं, मामा माझ्याकडं, सासूबाई माझ्याकडं. यांनी माईक माझ्यापुढं धरला. डोळ्यांत मात्र हसू.

मी माईकचं बटण दाबलं. आणि सगळ्या गटांच्या साक्षीनं सासरी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले:

"हॅलो कारखाना. ट्रक आत्ताच्या आत्ता पाठवा, तात्या वाट बघतायत. यंत्र चांगलं आहे, मीच त्याला पुसून पुसून बहिरं केलं होतं. आणि मामांनी दिलेल्या शिव्या सगळ्या माझ्या खात्यावर मांडा. ओव्हर."