पडद्यांचं घड्याळ आणि बाबांचा ऑर्गन

मला स्वस्थ बसता येत नाही. नाटक सुरू व्हायच्या आधी तर मी केबली इतक्या वेळा हलवून बघतो की न बिघडलेलंही बिघडावं. त्या मोसमात आमच्या झाडीपट्टीच्या नाटक कंपनीनं रंगमंचामागे तीन एलईडी पडदे लावायचं ठरवलं आणि पुण्याहून हेच काम शिकून आलेल्या माझ्या गळ्यात ते पडलं. प्रत्येक पडद्याला एक संगणक. मधला हुकूम सोडणार, बाजूचे दोघे पाळणार. एकच नदी तिन्ही पडद्यांवरून वाहायची तर तिघांचं घड्याळ एक हवं, नाहीतर जोडावर पाणी तुटतं. महिनाभर मी धड जेवलो नाही. अखेर अड्याळ गावच्या तालमीत नदी अखंड वाहिली आणि मी एकटाच टाळ्या वाजवत सुटलो.

पण त्या घड्याळात बाबा बसत नव्हते. बाबा कंपनीचे ऑर्गनवाले, माझ्या जन्माआधीपासून. नट अडखळला की ते दोन सूर जास्तीचे वाजवत, नटीला हुंदका आला की थांबत. पडदे कोणासाठीच थांबत नव्हते. दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं. "साकोलीले पाहू. बाबाले नसन जमत तं रेकॉर्ड लावू. मंग ऑर्गन कायले पायजे?"

मी ते जसंच्या तसं बाबांना सांगितलं. नको होतं सांगायला.

साकोलीत बाबांनी एक डोळा पडद्यावर ठेवून सगळं नेमकं वाजवलं. मग नदीकाठचं गाणं संपलं आणि लोकांनी वन्समोर दिला. आमच्याकडे वन्समोर नाकारणं म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारणं. बाबांची बोटं आपसूक पट्ट्यांवर गेली, नटीनं गाणं पुन्हा धरलं, आणि माझे तिन्ही पडदे एकदिलानं पुढच्या प्रवेशातल्या वणव्यात शिरले. नटी नदीत पाय सोडून बसलेली आणि मागे जंगल पेटलेलं. लोक पोट धरून हसले. वन्समोरची सोयच मी ठेवली नव्हती, जन्म झाडीपट्टीत काढूनसुद्धा. घामाघूम होऊन मी नको ती बटणं दाबत राहिलो आणि परतताना सगळा राग बाबांवर काढला. "काहून वाजवलं पुन्हा? तुमाले दिसत नोहतं का?"

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

चार दिवसांत मी चूक सुधारली. एक कळ ठेवली: दाबली की तिन्ही पडदे, दिव्यांसकट, गाण्याच्या सुरुवातीला परत. वीसदा करून बघितलं, तरी चैन पडेना. बाबांना मात्र काही सांगितलं नाही. म्हटलं, भंडाऱ्याच्या प्रयोगात बघतीलच. खरं सांगायचं तर आधी त्यांनी माझ्याशी बोलावं, असं वाटत होतं.

भंडाऱ्याला सभागृहात दुपारचा प्रयोग होता, दिग्दर्शकानं बाबांना दिलेली शेवटची संधी. गाणं संपलं आणि अख्खं सभागृह वन्समोर मागू लागलं. माझं बोट कळीवर. बाबांनी पहिला सूर लावला की दाबायची.

बाबांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. नटीनं वळून त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी हळूच मान हलवली. लोक ओरडत होते, शिट्ट्या वाजत होत्या. ते पडद्याकडे बघत बसून राहिले. मी विंगेतून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ऑर्गनच नाही, तर नुसती नदी परत आणून काय करायचं? वणवा अगदी वेळेवर लागला.

"आता जमलं," दिग्दर्शकानं माझी पाठ थोपटली. "बाबाले राहू दे कंपनीत."

प्रयोगानंतर बाबा ऑर्गनवर कापड टाकत होते. मला बघून थांबले. इतक्या दिवसांनी आपणहून बोलले.

"आज तं नाई ना चुकलो रे?"

मी नाही म्हणालो. त्या कळीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.