बहिरं बटण

मार्लिस कांगासबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही तिच्या घटस्फोटाच्या आहेत. एक, नवरा हातातला रिमोट सोडेना म्हणून तिनं नवऱ्याला सोडलं. दोन, रिमोट मात्र ठेवून घेतला. पहिली साफ खोटी आहे. तो घोरायचा, म्हणून सोडला. दुसरीबद्दल मी काही बोलणार नाही, कारण तो रिमोट अजून तिच्या व्हॅनमध्ये आहे.

मी डेल राउतिओ. एकोणीस वर्षं तिच्याबरोबर काम करतोय. वायर ओढणं, भिंतीला भोकं पाडणं, शिडीवर चढणं माझ्याकडे. डोकं चालवणं तिच्याकडे. ही वाटणी तिनंच केलीय. आधी ती शाळेच्या ऑफिसात होती. तिथला प्रोजेक्टर एकाही मास्तराला धड लावता यायचा नाही, सगळे हिलाच हाका मारायचे. शेवटी ती वैतागून म्हणाली, मास्तर काही सुधारायचे नाहीत, आपण बटणं सुधारू. तेव्हापासून आमचा धंदा हाच. लोकांच्या तळघरातला टीव्ही, स्पीकर, दिवे, पडदा, सगळं एका रिमोटवर आणून द्यायचं. मार्लिसचं तत्त्व असं, की गिऱ्हाईक कधी मूर्ख नसतं, बटण मूर्ख असतं. मला हे मुळीच पटत नाही. मी गिऱ्हाइकं बघितलीत.

गेल्या फेब्रुवारीत नीमी डॉक्टरांचं काम निघालं. निवृत्त दंतवैद्य. मिशिगनच्या या वरच्या टोकाला ज्याच्या तोंडात दात आहेत ते डॉक्टरांमुळे, आणि ज्याच्या नाहीत तेही डॉक्टरांमुळेच. दर शनिवारी दुपारी त्यांचे जुने मित्र तळघरात बर्फावरच्या हॉकीचा सामना बघायला जमतात. एक बटण दाबलं की दिवे मंद होतात, छतातून पडदा उतरतो, प्रोजेक्टर पेटतो. सगळं आम्हीच लावून दिलेलं. आता डॉक्टरांनी केबल काढून टाकली आणि इंटरनेटवरून सामने दाखवणारी नवी डबी आणली. ती आम्ही सोमवारी जुन्या रिमोटला जोडून दिली. मंगळवारी सकाळीच फोन.

"मार्लिस, तुझ्या यंत्राला वेड लागलंय. ये आणि बघ."

गेलो. डॉक्टर खुर्चीत ताठ बसलेले. त्यांनी रिमोट उचलून बटण दाबलं. पडदा खाली यायला लागला, अर्ध्यात थांबला, वर गेला, पुन्हा खाली. दिवे मंद, दिवे लख्ख, दिवे मंद. प्रोजेक्टर पेटता पेटता विझला आणि रुसून बसला, कारण एकदा विझला की तो दोन मिनिटं कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

झालं होतं असं. केबलच्या जुन्या डब्याला 'चालू हो' हा हुकूम वेगळा होता, 'बंद हो' वेगळा. शंभरदा 'चालू हो' म्हटलं तरी तो चालूच. या नव्या डबीला हुकूम एकच. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. आणि बाकीची सगळी वरात, पडदा, दिवे, प्रोजेक्टर, या नवरदेवाच्या मागोमाग.

मी शिडीवर होतो. वरून मला डॉक्टरांचा अंगठा स्पष्ट दिसत होता. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं.

"अहो डॉक्टर, तुम्ही चार-चारदा दाबताय!"

डॉक्टरांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. हात थरथरत होता. शिडीवरून खाली उतरायचीही लाज वाटली मला.

"मी एकदाच दाबलं," डॉक्टर म्हणाले.

"एकदाच दाबलंत," मार्लिस म्हणाली. "डेल्या, तुला वरून काय दिसतंय, कप्पाळ? दोष डबीचा आहे, डॉक्टर. या डब्या मेल्या उतावीळच असतात. मी बघते."

निघताना डॉक्टरांच्या बायकोनं, लॉरेनबाईंनी, आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी पुढ्यात ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"कॉफी सांडते म्हणून त्यांनी कॅफेत जाणं सोडलं," त्या हळूच म्हणाल्या. "मग चर्च सोडलं, हातात पुस्तक हलतं म्हणून. आता शनिवार तेवढा उरलाय. मी म्हटलं, टीव्ही मी लावून देत जाईन. दोन तास माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, मित्रांसमोर बायकोला हाक मारायची वेळ आली, तर सगळ्यांना सांगून टाक, येऊ नका."

"शनिवारपर्यंत होईल," मार्लिस म्हणाली.

मी पेस्टी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. लॉरेनबाईंचा अपमान नको.

व्हॅनमध्ये बसल्यावर मार्लिस स्वतःवरच उखडली. "घाई केली मी. मूर्ख बटण दिलं त्या माणसाला." आता दुरुस्त करायचं तर थरथरता हात बटणावर कसा पडतो, किती वेळा, किती वेगानं, हे कळायला हवं होतं. आणि डॉक्टरांना 'जरा दाबून दाखवा' म्हणायची सोय नव्हती. तिनं वर्कशॉपमध्ये लॅपटॉप उघडला, रिमोट माझ्या हातात दिला.

"हात थरथरव."

थरथरवला.

"हे काय? टाटा करतोयस का कुणाला?"

"मग मुद्दाम कसा थरथरवू, बाई?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ कमरेएवढा, पारा शून्याच्या खाली. "जॅकेट काढ. हातमोजेही."

अशी माझी नोकरी! दहा मिनिटं मी शर्टावर अंगणात उभा. शेजारचा माणूस फावड्यानं बर्फ उपसत होता, तो थांबला.

"काय रे डेल, हाकललं का तुला?"

"नाही. कामावर आहे."

दात वाजवत आत आलो, बटणावर अंगठा ठेवला. लॅपटॉपवर दिसलं, दोन सेकंदांत सात वेळा. मार्लिस खूश. "शाब्बास! जा परत." शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी चौदा वेळा बाहेर जाऊन आलो. गावात तिसरी गोष्ट सुरू झाली, की मार्लिस आता कामगारांना बाहेर उभं करते.

पण तिनं बटण सुधारलं. आता रिमोट आधी डबीला विचारतो, बाई, जागी आहेस का? जागी असली तर तिला हातच लावत नाही. आणि एकदा दाबलं की बटण पुढचे चार सेकंद ठार बहिरं. बंद करायचं बटण वेगळं, पार दुसऱ्या टोकाला.

शनिवारी दुपारी आम्ही तळघरात मागच्या बाजूला बसलो, बिघाड झालाच तर शिव्या खायला. मार्लिसच्या मांडीवर लॅपटॉप. तीन म्हातारे मित्र आले. त्यात वॉल्ट नावाचा निवृत्त पोस्टमन, आवाज असा की त्याला पत्रं वाटायला घरोघरी जायची गरजच नव्हती. डॉक्टरांनी रिमोट उचलला. मित्र छताकडे, बुटांकडे, कुठेकुठे बघत होते. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

अंगठा बटणावर पडला. लॅपटॉपवर मी मोजत होतो. एक, दोन, पाच, नऊ. पडदा सरळ खाली आला. दिवे मंद झाले. प्रोजेक्टर पेटला. बर्फाचं मैदान समोर.

"बिअर कुठाय?" वॉल्ट ओरडला. मी श्वास सोडला.

मध्यंतरानंतर वॉल्ट परत येऊन बसला, तो थेट रिमोटवर. सगळं बंद! त्यानं ढुंगणाखालून रिमोट काढला आणि धडाधड बटण दाबायला लागला. प्रोजेक्टर रुसलेला, तो कसला पेटतोय.

"अरे, हे बटण बहिरं आहे!"

"बहिरं नाही, सभ्य आहे," डॉक्टर म्हणाले. "घाई केलेली त्याला खपत नाही. तुझा हात उतावीळ आहे, वॉल्ट. दे इकडे."

दोन मिनिटं त्यांनी रिमोट नुसता मांडीवर धरून ठेवला. मग दाबलं. सामना सुरू झाला. वॉल्टची अशी काही टर उडाली, की लॉरेनबाई हसण्याचा आवाज ऐकून जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

सामना संपला, मित्र गेले. डॉक्टर मार्लिसच्या लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "किती वेळा दाबलं, ते त्यात दिसतं ना?"

"दिसतं."

"पहिल्यांदा लावलं तेव्हा किती?"

"एकदा," मार्लिस म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

डॉक्टरांनी उजवा हात वर उचलला आणि आमच्यासमोर धरला. लपवला नाही. चांगलाच थरथरत होता. मला रडू यायला लागलं, आणि मला ते मुळीच शोभत नाही.

"चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, दुखणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना दुखलं. पण ते ऐकल्याशिवाय एकानंही तोंड उघडलं नसतं, मार्लिस."

मग त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं लॉरेन, पुढच्या शनिवारी दोन खुर्च्या जास्त लागतील. या दोघांना बोलावलंय."