पायथ्यापर्यंतचा धबधबा

नव्वद सालानंतरची दहा वर्षं मी शाहूवाडीकडच्या एका धबधब्याला दर पावसाळ्यात गेलो आणि तो एकदाही बघितला नाही. हे ऐकून पुण्याची माणसं हसतात. कोल्हापूरची हसत नाहीत, कारण त्यातल्या निम्म्यांनी तोच धबधबा तसाच केलेला आहे.

त्याचं असं होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आठ जणांचं टोळकं होतं. आखाड लागला की पहिल्या रविवारी धबधब्याला जायचं ठरलेलं. आदल्या दिवशी तासभर बैठक व्हायची. त्यातली पन्नास मिनिटं मटण कुणाकडनं आणायचं यावर जायची आणि उरलेली दहा पातेलं कुणी धरून बसायचं यावर. धबधब्याचा विषय निघायचा नाही. तो काय, आपल्या जागेवर असायचाच.

धबधब्याच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या एका घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, आम्ही तीन दगड मांडून चूल करायचो. त्या घरातल्या मावशी तांदळाच्या भाकरी करून द्यायच्या. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुकं मटण, तिन्ही व्हायलाच पाहिजे. एक जरी कमी पडलं तरी "ह्याला काय जेवण म्हणत्यात व्हय?" हे वर्षभर ऐकावं लागलं असतं. शिजेपर्यंत दोन वाजायचे, जेवून हात धुवेपर्यंत साडेतीन. मग कुणीतरी म्हणायचं, "चला की रं वर." सगळे व्हय व्हय म्हणायचे आणि आडवे व्हायचे. वरून पाण्याचा आवाज यायचा. त्या आवाजात झोप झकास लागायची.

श्रावणात धबधबा जास्त भरलेला असतो असं ऐकून होतो. पण श्रावणात मटण बंद. मग तिथं जाऊन करायचं काय?

ह्या सगळ्यासाठी लागणारी कांदा-लसणाची चटणी माझी आई द्यायची, स्टीलच्या डब्यात दाबून भरून. पहिल्या वर्षी मी घरी आलो तेव्हा रिकामा डबा घेत तिनं विचारलं, "कसा हुता रं धबधबा?" आता काय सांगणार? आमच्या गल्लीतल्या कटिंगच्या दुकानात एक कॅलेंडर होतं. त्यावर एक धबधबा होता, बहुतेक परदेशातला, खाली एक हरीण उभं. मी तो सांगितला. तिला एवढा आवडला की दर वर्षी तोच सांगावा लागला. पुढं पुढं तर मी घरी येण्याआधी ओढ्यात डोकं बुडवून घ्यायचो, म्हणजे भिजून आल्यासारखं दिसायचं. आईला आपणहोऊन घेऊन जावं असं मला एकदाही सुचलं नाही. बायकांना कोण नेतंय धबधब्याला, अशीच आमची समजूत. याची आज लाज वाटते.

मग आई दाराच्या चौकटीला धडकायला लागली. उंबऱ्याला ठेचाळायची, चुलतीनं शेजारून हात पुढं केला तरी तिला दिसायचा नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय, ते परत यायचं नाही. मधलं आहे तेवढं थेंब घालून टिकवायचं. किती टिकेल ते त्यांनाही सांगता येईना. चौथ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मला त्यो धबधबा बघायचाय. दिसतंय तंवर दाखीव."

आईनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मला वाट माहीत नाही! टोळक्यातल्या सातही जणांना विचारलं. सातही जणांनी छाती ठोकून सांगितलं, "सरळ वर." एक जण तर म्हणाला, "वर म्हंजे वरच की लेका, धबधबा काय खाली असतोय?"

श्रावणातल्या एका बुधवारी आम्ही एसटीनं मलकापूर गाठलं आणि पुढं वडापच्या खचाखच जीपनं वाडीत उतरलो. घराच्या पुढं दोन पायवाटा फुटत होत्या, आणि दोन्ही वर जात होत्या. मी छत्री उघडली, मिटली, परत उघडली. शेजारच्या खाचरात मावशी भातातलं तण काढत होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"काय पावणं, आज पातेलं न्हाय व्हय?"

"न्हाय. आईला धबधबा दाखवायचाय," मी म्हणालो. आणि मग अगदी हळू आवाजात, "वाट कुठली?"

त्या कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. हळू बोलणं त्या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. "आता गं बया! धा वर्सं माज्या सोप्यात जेवून घोरतासा, आन् वाट मला इचारतासा? एकदाबी वर गेला न्हाईसा?"

सगळ्या शिवारानं ऐकलं. आईनंही. तिचे डोळे अधू झाले होते, कान नाही. मला वाटलं, जमीन दुभंगावी. आईनं पदर खोचला आणि मावशींना म्हणाली, "वाट दावा बाई. ह्येचं घरी गेल्यावर बघू." मावशींनी डावी वाट दाखवली आणि ओढा तीनदा ओलांडायला सांगितला.

आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. पायाखालचं बघायला तिला अख्खी मान खाली घालावी लागायची. तरी दमायचो मी. दुसऱ्यांदा ओढा ओलांडून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग ते हरीण?"

"कॅलेंडरवरचं."

"वाटलंच मला. एवढ्या पाण्यात हरीण कोरडं कसं ऱ्हातंय?"

"चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं. दगूड बघून पाय टाक, तुज्या मागं मी हाय."

पोचलो तर समोर नुसतं पांढरं. धुकं. आवाज कानठळ्या बसवणारा, तोंडावर तुषार, आणि दिसत काहीच नाही. म्हटलं, झालं. दहा वर्षं आम्ही आलो नाही, आज आलोय तर हा नाही. मला रडायलाच आलं. आई एका खडकावर बसली. जायचं का म्हणून विचारलं तर तिनं पदर डोक्यावरून घेतला. तासभर तशीच बसून होती.

मग वारा फिरला आणि धुकं वरून उकलत आलं. आधी कडा दिसला, मग पाणी. अख्खा धबधबा एका नजरेत मावेल एवढी आईची नजर राहिली नव्हती. तिनं कड्यापासून सुरुवात केली आणि पाण्याबरोबर मान खाली आणली, अगदी डोहापर्यंत. परत वर गेली. परत खाली. ती नजर त्यानंतर फक्त पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकली, पण हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं?

मी आपला सारखा तिच्या तोंडाकडं बघत विचारत होतो. दिसतंय का? तिथं मधे खडकावर आपटून दोन धारा झाल्यात बघ. दिसल्या का? डावीकडची जरा बारीक आहे बघ.

"गप की जरा," ती म्हणाली. "धा वर्सं तूच सांगालायस."

मी गप्प बसलो, पण नजर तिच्यावरच. ते तिला दिसायचं कारण नव्हतं, तरी कळलं. तिनं चाचपून माझी हनुवटी धरली, शाळेत जाताना भांग पाडायला धरायची तशी, आणि माझं तोंड पाण्याकडं वळवलं.

"तूबी पयल्यांदाच बघालायस न्हवं? मग माज्याकडं काय बघतोस? तिकडं बघ."