म्हस्के सरांची हॉकी

म्हस्के सर हॉकी शिकवायचे ते आमच्याकडे पाठ करून. मुरमाड मैदानाच्या कडेला तोंड फिरवून उभे राहायचे आणि स्टिकवर बॉल आदळल्याचा नुसता आवाज ऐकून सांगायचे, "संगे, खालचा हात ढिला हाय." बघितलं तर खरंच ढिला असायचा! आम्ही पोरी आधी दबकायचो, मग हसायचो आणि मुकाट्याने हात घट्ट करायचो.

तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात त्याआधी हॉकीची स्टिक कुणी पाहिलीही नव्हती. सरांनी कुठून कुठून टाकून दिलेल्या स्टिका गोळा केल्या, तडकलेल्यांना सुतळी गुंडाळली. गोलात ज्वारीची रिकामी पोती टांगली. सर म्हणतील त्याच पोत्यावर मारायचं, शंभरदा मारायचं. उगाच ताकद लावली की खेकसायचे, "धुणं बडवून राह्यलीस का? आधी नेम, मंग जोर!"

आमच्या मैदानावर बॉल सरळ म्हणून येत नसे. खड्यावर आपटून कधी गुडघ्यावर यायचा, कधी हनुवटीवर. म्हणून सरांचा मंत्र एकच. "बॉल म्हंजे पाव्हणा. आल्या आल्या हाकलू नका. आधी बसू दे, मंग पाठव." स्टिक आडवी टेकवायची, उसळी मरू द्यायची आणि मगच मारायचं. चार वर्षांत हे माझ्या हाडांत उतरलं. आसपासच्या कुठल्याही मैदानावर आम्हाला हरवणारं कुणी राहिलं नाही.

दहावी झाली आणि राज्याच्या निवडीसाठी मला पुण्याचं बोलावणं आलं. वडिलांनी सरांसमोरच सांगून टाकलं, "निवड झाली तर तिथं ऱ्हाऊन शिकू दे. न्हाई झाली तर चैतात लगीन. पाव्हणे थांबून राह्यलेत." सर म्हणाले, "होईल म्हंजे होईल. बिलकुल."

पुण्याच्या मैदानावर नकली गवताचा गालिचा होता. हिरवागार, वर पाणी मारलेला. सर उकिडवे बसले, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्याच्यात तर खडाच न्हाई गं." बॉल सरसरत यायचा, उसळायचाच नाही. मी उसळीची वाट बघत राहायची, तोवर पुण्याची पोरगी बॉल घेऊन पसार! दोनदा झालं, तीनदा झालं. थेट मारायला हवं हे मला कळत होतं. हात उचललेही होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून सर जिवाच्या आकांताने ओरडले, "संगे, बसू दे! आधी बसू दे!" आणि मी बसू दिला. त्यानंतर प्रत्येक वेळी बसू दिला. यादीत माझं नाव नव्हतं.

परतीच्या एसटीत शेवगाव आलं तेव्हा सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "शिकवलं बराबर गं. पण आपल्याच मैदानापुरतं." घरी येऊन त्यांनी वडिलांचे हात धरले. "एक साल द्या. मी पुन्यांदा शिकवतो तिला." वडील म्हणाले, "सर, तुमी शिकवलं तेच तर केलं ना तिनं?" सरांनी हात सोडले. चैत्रात लग्न झालं. सर पंगतीत वाढत राहिले आणि स्वतः न जेवता निघून गेले.

त्यानंतर त्यांनी स्टिकला हात लावला नाही. धाकट्या पोरी दारात जाऊन उभ्या राहायच्या, तर म्हणायचे, "मला येत न्हाई, माय. जा." एवढा जाणता माणूस, आणि हे बोलत होता! निवड हुकल्यापेक्षा मला याचाच जास्त संताप आला. चुकलं ना? मग सुधारायचं की! माझं गेलं ते गेलं, त्या पोरींचं का घालवलं?

सात-आठ वर्षांनी मस्तगडला माझ्या सासरच्या दुकानात ते अचानक आले. पार खंगले होते. पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "संगे, खरं सांग. त्या दिशी मी वरडलो नसतो, तर तुजी निवड झाली असती का?"

खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. कुणाला ठाऊक असणार? नुसतं "न्हाई, सर" म्हटलं असतं तर तो माणूस हलका होऊन घरी गेला असता. पण कडेवर पोर रडत होतं, आतून सासूबाई हाका मारत होत्या आणि इतक्या वर्षांचा राग उफाळून आला.

"झाली असती," मी म्हणाले.

"बराबर," सर म्हणाले. पिशवी उचलली आणि उन्हात बाहेर पडले. त्या दिवाळीच्या आत ते गेल्याचा निरोप आला. मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?