वहिनींसाठी आवाज बघायला गेलो

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या नवरा-बायकोला अख्खी गल्ली भाऊ-वहिनी म्हणते. दुकान म्हणजे लांबट खोली: पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल आणि मधे हँगरला लटकलेल्या कपड्यांची भिंतच. मागे भाऊ इस्त्री करतात, पुढे वहिनी गिऱ्हाईक सांभाळतात. ही वाटणी लग्नानंतर लगेचच झाली, कारण भाऊंना कुणाला नाही म्हणता येत नाही. माणूस दारात आला की हे "उद्या देतो" म्हणून मोकळे, आणि उद्या सगळे एकदम दारात. शेवटी वहिनींनी त्यांच्या हातात इस्त्री दिली, त्यांना मागे पिटाळलं आणि स्वतः काउंटरला उभ्या राहिल्या, त्या कायमच्या.

वहिनींचं बोलणं हा त्या दुकानाचा अर्धा धंदा होता. कपडे टाकायला आलेली बाई लवकर हलायची नाही. कॉलर बघून वहिनी माणसाचा स्वभाव सांगायच्या. माझ्या नवऱ्याचा शर्ट उलगडून एकदा मला म्हणाल्या, "साहेबांना सांगा, शाई खिशात सांडण्यापेक्षा एकदाच अख्खा शर्ट निळा रंगवून घ्या."

पण खरी गंमत यायची ती भाऊ बोलायला लागले की. भाऊंचा हात इस्त्रीवर सरळ चालतो, गोष्टीत मात्र मीठमसाला सढळ पडतो. वहिनी हातातलं काम न थांबवता मधेच टोकायच्या. तीन कुत्री नव्हती, एकच होतं, तेही झोपलेलं, असं. भाऊंना त्याचा कधी राग आला नाही. टोकलं की ते दुरुस्ती मान्य करायचे आणि पुढे त्याहून मोठी थाप मारायचे. गोष्ट दोघांची मिळून एकच असायची.

गेल्या वर्षी वहिनींच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला रुमाल बांधून त्या दुकानात परत आल्या तेव्हा हातात लहान मुलांची पाटी होती, वरचा कागद उचलला की पुसली जाणारी. पण गिऱ्हाईकाला कुठला दम. वहिनी 'गुरुवारी' लिहीपर्यंत समोरचा माणूस त्यांच्या डोक्यावरून मागे हाक मारायचा, भाऊ, कधी मिळणार? आणि भाऊ म्हणायचे, उद्या. काही जण तर वहिनींशी ओरडून बोलायचे, जसे काही घशाबरोबर कानही गेलेत. हळूहळू वहिनी मागे सरकल्या. कपड्यांच्या भिंतीआड स्टुलावर बसून चादरींच्या घड्या घालू लागल्या. भाऊंची पुढे-मागे धावपळ व्हायची, आणि मधूनमधून कुणाच्या तरी बाहीला करपल्याचा वास यायचा.

एक गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली. भाऊ काही सांगताना अजूनही ठरावीक जागी थांबत, वहिनी जिथे टोकायच्या तिथे. कुणी टोकत नसे. मग ते बोलणं कसंबसं आवरून घेत आणि इस्त्री उचलत.

दवाखान्यातल्या बाईंनी सुचवलं की टॅब घ्या, लिहिलेलं तो बोलून दाखवतो. त्यांनी नावं दोन दिली. किंमत जवळपास सारखी, घ्यायचा मात्र एकच. भाऊ चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या. मला यातलं ओ की ठो कळत नाही." मी म्हटलं, मलाही फारसं कळत नाही, पण वाचून बघते. मग घरातलं आवरलं की मी त्या दोन टॅबच्या मागे. बॅटरी कुणाची जास्त टिकते, पडला तर कोण फुटतं, दुरुस्ती कुठे होते. नवरा म्हणाला, माझ्याशी लग्न करताना केली होतीस का एवढी चौकशी? मी म्हटलं, तेव्हा केली नाही म्हणूनच आता करतेय.

टॅब बघायला जायच्या आदल्या दिवशी मी वहिनींना विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? त्यांनी पाटीवर लिहिलं, 'घरात भागतं. काउंटरवर भागत नाही. मला पुढे यायचंय.' आणि मी वाचून होताच कागद उचलून पुसून टाकलं.

टॅबच्या दुकानातल्या मुलीने दोन्ही काचेवर शेजारी-शेजारी मांडले. पोरगी गुणी होती. बोलायची वहिनींशीच, आमच्याशी नाही. पहिला टॅब पातळ, देखणा, पडदा मोठा. त्याचा आवाज थेट बाईमाणसाचा, मऊ आणि गोड. फक्त तो इंटरनेटवरून यायचा, आणि पूर्ण वाक्य लिहून झाल्यावरच. दुसरा जाडजूड, कडेला रबर लावलेला. त्यात नेहमीची वाक्यं बटणांमध्ये आधीच भरून ठेवता येत, आणि बोट टेकताच तो बोले. पण आवाज असा, की लिफ्टमध्ये कुणीतरी मजला सांगतंय.

वहिनींनी पहिल्यावर 'नमस्कार, मी लाँड्रीतली' असं लिहिलं. तो गोड आवाज आला. भाऊ चष्मा काढून पुसायला लागले. मला हळूच म्हणाले, "ताई, हाच घेऊ. घरात पुन्हा बाईचा आवाज येईल." मी बॅटरीचं काहीतरी सांगणार होते, ते गिळलं.

बिल करायचं ठरतच होतं. मुलीने सहज विचारलं, तुमची लाँड्री म्हणजे बरीच जुनी असेल ना? झालं. भाऊंना तेवढंच पुरे. म्हणाले, जुनी म्हणजे काय, आणि इतक्या वर्षांत आमच्याकडे एक कपडा जळला नाही. इथे ते सवयीने थांबले. वहिनींची बोटं त्या देखण्या टॅबवर धावत होती. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. भाऊंनी वाट पाहिली, मग पुढे सरकले. म्हणाले, "खरं सांगू का, दुकान हिचं आहे. हिच्याशिवाय मला एक दिवस जमत नाही."

आणि तो मधाळ आवाज म्हणाला, "खोटं. साफ खोटं."

मुलगी खुदकन हसली. भाऊंचा चेहरा उतरला. वहिनींनी टॅब काचेवर उपडा ठेवला, जोरजोरात मान हलवली, आधी भाऊंकडे मग माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. त्यांचं 'खोटं' जळलेल्या कपड्यासाठी होतं, आणि ते येऊन आदळलं भलत्याच वाक्यावर. मला ते कळायला एक क्षण लागला, भाऊंना त्याहून जास्त. कळलं तेव्हा ते म्हणाले, असू दे गं, मी समजलो. पण वहिनींना 'असू दे' नको होतं. काउंटरवर तर रोज हेच झालं असतं.

त्यांनी तो दुसरा जाडा टॅब ओढून घेतला. मुलीला खुणेने विचारून एका बटणात काहीतरी भरलं, ते भरायला बराच वेळ घेतला. मग भाऊंकडे बघून हाताने इशारा केला: पुन्हा सांगा, पहिल्यापासून.

भाऊंनी घसा साफ केला. आमची लाँड्री जुनी, आणि इतक्या वर्षांत एक कपडा जळला...

"खोटं," लिफ्ट म्हणाली.

वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. भाऊ दचकले. वहिनी पुढे एकेक शब्द टाकत गेल्या, आणि तो एकेक शब्द तसाच बाहेर पडत गेला. "वकिलांची. पँट."

"ती जळली नव्हती, जरा पिवळी पडली होती," भाऊ म्हणाले.

"भोक."

"बारीक होतं."

"मूठ. जात. होती."

आता भाऊ हसत होते, आणि हसताहसता त्यांना टेकायला खुर्ची लागली. त्या खरखरीत आवाजाशी ते चांगले भांडले, पँटवरून वकिलांवर, वकिलांवरून त्यांच्या कुत्र्यावर. काचेशी उभं असलेलं एक जोडपं आपली खरेदी सोडून ऐकत होतं. बऱ्याच दिवसांनी भाऊंना कुणीतरी खोटं पाडत होतं.

तरीही बिलाच्या वेळी त्यांचं मन पुन्हा त्या पातळ टॅबकडे गेलं. म्हणाले, बघ हं, आवाज मात्र तो छान होता. वहिनींनी सावकाश लिहिलं, आणि लिफ्टने सांगितलं:

"तुम्हाला रेडिओ हवाय की बायको?"

भाऊंनी पाकीट काढलं.

आता वहिनी पुन्हा पुढे असतात. टॅब काउंटरला दोरीने बांधलाय, कारण बोलताबोलता त्या तो गिऱ्हाईकाच्या नाकापर्यंत नेतात. बटणं भरून ठेवलीत: 'गुरुवारी', 'खिसे तपासा', 'डाग आधीचा आहे'. थट्टा लिहायला वेळ लागतो म्हणून त्या आता कमी शब्दांत करतात, आणि ती जास्त झोंबते. नवं गिऱ्हाईक अजूनही वहिनींच्या डोक्यावरून मागे हाक मारतं. मग टॅब म्हणतो, "इकडे", आणि माणूस निमूट इकडे बघतो.

परवा मी पडदे टाकायला गेले होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वहिनींनी पडदे मोजले, चिठ्ठी लावली, आणि मग कोपऱ्यातलं एक बटण दाबलं.

"अहो," टॅब म्हणाला.

मागून इस्त्री उभी केल्याचा आवाज आला. हँगर बाजूला सारत भाऊ पुढे आले, कपाळाचा घाम बाहीने पुसत. मला म्हणाले, "बघा ताई, दिवसभर हे असं चालतं. काम काही नसतं." मग वहिनींकडे वळले. "काय गं?"

वहिनींनी लिहिलं. दोन बोटांनी, न बघता.

"काही नाही. ऐकू येतं का बघितलं."

"येतं," भाऊ म्हणाले, आणि कपड्यांतून वाट काढत मागे गेले.